दुसरा जोड

गेले तीन महिने माझ्या मोबाइलमधल्या एका ॲपच्या कार्टमध्ये बुटांचा एक जोड पडून आहे. साइज नऊ, रंग पांढरा. दर तीन-चार दिवसांनी ॲप आठवण करून देतं, ‘तुमच्या कार्टमध्ये काहीतरी राहून गेलंय.’ मी नोटिफिकेशन उडवून टाकतो. मग रात्री जेवणं झाल्यावर, दिवा घालवल्यावर तोच बूट उघडून पुन्हा बघत बसतो. झूम करून त्याची भोकं बघतो.

त्या बुटाची सगळी गंमत भोकांतच आहे. आदिदासचा क्लायमाकूल. २००२ साली पहिल्यांदा आला होता, आता कंपनीने तो पुन्हा बाजारात आणलाय. वरचं अंग जवळजवळ सगळं जाळीचं, बाजूने पट्ट्यांचा सांगाडा, आणि तळव्यातूनसुद्धा हवा जायला वाट ठेवलेली. पायाला चहूबाजूंनी हवा, ही त्याची तेव्हाची जाहिरात. तेव्हा तो खरोखर पळायचा बूट होता. आज तो घेणाऱ्यांपैकी फार थोडे लोक पळत असतील. सैल जीन्सवर घालायचा, फोटो काढायचा, आणि कुणी विचारलं तर ‘ओजी आहे’ म्हणायचं.

किंमत पाच आकडी आहे. नेमका आकडा लिहीत नाही, कारण हा लेख आईपण वाचणार आहे.

मी अठ्ठावीस वर्षांचा सॉफ्टवेअर इंजिनिअर. मोशीत आईवडिलांबरोबर राहतो. फ्लॅटचा हप्ता माझ्या पगारातून जातो, आणि सध्या आमच्या क्षेत्रात कुणाची नोकरी कधी जाईल याचा नेम नाही. तरी बूट अगदीच परवडत नाही असंही नाही. एवढे पैसे मी याआधी फोनवर घालवलेत, हेडफोनवर घालवलेत, आणि तेव्हा रात्रभरसुद्धा विचार केला नव्हता. मग याच बुटापाशी घोडं का अडलंय, हे मला कळत नव्हतं.

आधी वाटलं, प्रश्न तांत्रिक आहे. माझा सगळ्या गोष्टींबाबत असाच समज असतो. मी एक्सेल शीट केली. पळण्यासाठी किती उपयोगी? मी आठवड्यातून तीन दिवस सकाळी स्पाइन रोडला पळतो. पळायच्या बुटांचा फोम वीस-पंचवीस वर्षांत बराच पुढे गेलाय, तेव्हा त्या कामासाठी याच्या निम्म्या किमतीतला आजचा साधा बूट बरा. पावसाळा? ज्या भोकांतून हवा आत येते त्यांतून पाणीही येतं, आणि आपल्याकडे पाऊस चार महिने मुक्कामाला असतो. धूळ? आमच्या सोसायटीसमोरून दिवसभर सिमेंटचे मिक्सर आणि खडीचे डंपर जातात. पांढरी जाळी आठ दिवसांत राखाडी होईल.

मग हवेचं गणित. घाम पायाला थंड करतो तो वाळताना. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता सोबत घेऊन जातो. पण तो वाळायला आजूबाजूची हवा कोरडी लागते आणि हलती लागते. जुलैच्या दमट हवेत जाळीतून आत येणार ती तीच ओली हवा. आणि ऑफिसात? तिथे मी नऊ तास एसीत खुर्चीवर बसून असतो. माझ्या पायांना घाम येण्यासारखं तिथे काही घडत नाही, फार तर सोमवारची रिव्ह्यू मीटिंग.

शीटने स्वच्छ सांगितलं, घेऊ नकोस. मी शीट बंद केली आणि कार्ट उघडलं.

*

ऑगस्टमध्ये एका रविवारी चिंचवडच्या मॉलमध्ये गेलो. म्हटलं, एकदा पायात घालून बघू, म्हणजे विषय मिटेल.

दुकानातला मुलगा माझ्याहून लहान होता. त्याने साइज विचारली, आतून खोका आणला, कागद बाजूला सारला आणि शू हॉर्न हातात घेऊन माझ्यासमोर एका गुडघ्यावर बसला. मी झटकन पाय मागे घेतला. “नको, नको. मी घालतो.” तो जरा चमकला, मग हसून बाजूला झाला.

बूट छान होता. हलका. आरशात बघितलं तर पायांना कुणी तरी वेगळंच वळण लावल्यासारखं वाटलं. पण माझं लक्ष बुटाकडे नव्हतं. आपण काय काय करून घरून निघालोय, हे मला तेव्हा एकदम दिसलं. सकाळी अंघोळ झाली होती तरी निघताना पुन्हा साबणाने पाय धुतले होते. बोटांच्या मध्ये पावडर टाकली होती. आणि पाकीट फोडून कोरे मोजे घातले होते. बूट ट्राय करायला जायचं म्हणून!

आणि हे त्या दिवसापुरतं नव्हतं. मित्राकडे गेलो की मी आधी बाथरूम विचारतो, पाय धुतो, मग बसतो. ट्रेनमध्ये वरच्या बर्थवर बूट घालून झोपलोय. मागच्या वर्षी निगडी प्राधिकरणात एक मुलगी बघायला गेलो होतो. दारात बूट काढावे लागले. चाळीस मिनिटं मी पाय सोफ्याखाली घालून बसलो होतो. मुलीने काय विचारलं ते मला आज आठवत नाही. सोफ्याखाली एक लाल चेंडू होता ते आठवतं.

तिकडून नकार आला, त्याचं कारण अर्थात वेगळं असेल. पण घरी येताना मी आईला विचारलं होतं, “वास येत होता का गं?” आई म्हणाली, “कसला?”

माझ्या पायांना वास येत नाही. हे मी खात्री करून सांगतो, कारण मी सतत खात्री करत असतो. मग ही धास्ती आली कुठून, याचं उत्तर मला माहीत होतं. मी फक्त तिकडे बघत नव्हतो.

*

मी लहान असताना आम्ही भोसरीत, लांडेवाडीत राहायचो. चाळीतली एक खोली, त्यातच ओटा, मोरी बाहेर. पप्पा माण तालुक्यातले. आयटीआय करून टर्नर झाले आणि १९८७ साली भोसरीच्या एमआयडीसीत कामाला लागले. या पट्ट्यातल्या हजारो घरांची गोष्ट अशीच सुरू होते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात बजाज आणि टेल्को आल्या, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. मग मोठ्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग करणारी लहान शेडं भोसरीत उभी राहिली. दुष्काळी गावांतली पोरं आयटीआयचा कागद घेऊन एसटीने येत राहिली. पप्पा त्यातल्या एका शेडमध्ये चिकटले ते यंदाच्या मे महिन्यात रिटायर होईपर्यंत. मध्ये दोनदा मालक बदलले, लेथ जाऊन सीएनसी आलं, पप्पा तिथेच राहिले.

टर्नरचं काम उभ्याचं. लोखंड कातलं जातं तेव्हा त्याची गरम, धारदार सालं निघतात. शॉपमध्ये त्यांना चिप्स म्हणतात. त्या उडतात, पायाशी पडतात. वरून कूलंट सांडतं, ते दुधासारखं पांढरं असतं आणि सगळीकडे चिकटतं. म्हणून सेफ्टी शूज. जाड कातडं, जाड तळ, पुढे पोलादी टोपी. भारतीय मानकाप्रमाणे त्या टोपीने २०० ज्यूलचा दणका सोसला पाहिजे. म्हणजे वीस किलोचं वजन साधारण एक मीटरवरून पडलं तरी बोटं वाचली पाहिजेत. असल्या बुटाला भोकं पाडून चालत नाही. भोकातून चिप आत गेली तर पाय भाजतो. आता विणकामाचे, हलके सेफ्टी शूजही मिळतात. ते कोरड्या गोदामात ठीक, लेथसमोर त्यांचा उपयोग नाही.

म्हणजे ज्या पायांना हवेची खरी गरज होती, त्यांना हवा देणारा बूट घालायची मुभाच नव्हती.

पप्पांना कंपनीकडून वर्षाला एक जोड मिळायचा. आठवड्याचे सहा दिवस, वर ओटी. कधी कधी सेकंड शिफ्ट करून तसेच थर्डला थांबायचे, म्हणजे सोळा तास पाय त्याच बुटात. सुट्टी गुरुवारची. पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. बाकीच्या जगाचा रविवार, आमच्याकडचा गुरुवार. मी शाळेत असायचो आणि पप्पा घरी. दुपारी शाळेतून आलो की चाळीच्या गच्चीच्या कठड्यावर त्यांचे बूट उन्हात दिसायचे, जिभा बाहेर काढलेले. आठवड्यात तेवढा एक दिवस ते बूट वाळायचे. पावसाळ्यात तेही नाही.

पप्पांना कायम चिखल्या असायच्या. करंगळीशेजारची कातडी पांढरी पडून भिजल्यासारखी व्हायची, फाटायची. रात्री ते पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यात पाय बुडवून टीव्ही बघत बसायचे. इंग्रजीत या दुखण्याला खेळाडूचा पाय म्हणतात हे मला कॉलेजात कळलं. आमच्या घरात पहिला खेळाडू तो.

आणि वास. खोली एकच असल्यामुळे तो सगळ्यांचा होता. आम्हाला तो जाणवायचा बंद झाला होता.

२००७ मध्ये, मी पाचवीत असताना, शाळेतला एक मित्र पहिल्यांदाच घरी आला. तो बंगल्यात राहायचा. आईने पोहे केले. तो दारात थांबला, दाराशेजारी पप्पांचे बूट होते, आणि त्याने नाक धरलं. वाईट मनाने नाही, लहान पोरं धरतात तसं. “काय मेलंय इथं?” म्हणाला. आई हसली आणि तिने पंखा वाढवला.

संध्याकाळी पप्पा आले. ते बूट काढत होते तेव्हा मी म्हणालो, “पप्पा, ते बूट बाहेर ठेवत जा ना. सगळ्यांना वास येतो.”

ते रागावले असते तर मी कदाचित विसरलो असतो. त्यांनी लेस सोडता सोडता एकदा माझ्याकडे बघितलं, उरलेला बूट काढला, दोन्ही बूट उचलले आणि जिन्याखाली मीटरच्या पेटीजवळ नेऊन ठेवले. त्या दिवसापासून बूट तिथेच. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत घालून. २०१४ मध्ये आम्ही मोशीच्या फ्लॅटमध्ये आलो, आईने हौसेने दारामागे शू रॅक केला. त्यात आईच्या चपला, माझे तीन-चार जोड. पप्पांचे बूट दाराबाहेर, जिन्याच्या कोपऱ्यात. रिटायर झाल्यापासून ते साधी चप्पल घालतात, तिला कसलाही वास नाही. तीही बाहेर.

मी कधी सॉरी म्हणालो नाही. आमच्या घरात तो शब्द फक्त धक्का लागल्यावर वापरतात.

*

सप्टेंबरमध्ये कंपनीने मला चाकणला पाठवलं. तिथल्या एका कारखान्यात मशीनमधून डेटा गोळा करणारं आमचं सॉफ्टवेअर बसवायचं होतं. सुरुवातीचे तीन आठवडे शॉप फ्लोअरवर उभं राहून काम. पहिल्या दिवशी गेटवरच्या वॉचमनने माझ्या बुटांकडे बघितलं आणि म्हणाला, “सर, स्पोर्ट शूज आत चालत नाहीत.” पाहुण्यांसाठी बुटावर चढवायच्या पोलादी टोप्या असतात, त्या घालून मी दिवसभर बदकासारखा चाललो. दुसऱ्या दिवशी मला सेफ्टी शूजचा एक जोड मिळाला.

चाकणला जायचं म्हणजे काय, हे जाणाऱ्यालाच ठाऊक. मोशीतून निघालं की इंद्रायणी ओलांडायची, चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा, नाणेकरवाडी, की आलं चाकण. अंतर असं काही नाही. पण नाशिक हायवेवर कंटेनरांच्या मागे आमची बस इंच इंच सरकते. सकाळी साडेसहाला घातलेला बूट रात्री आठला निघायचा. पहिल्या दिवशी संध्याकाळी तळवे जळजळत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय आत घातला तर बूट ओला होता. कालचा घाम तसाच. त्यात आजचा मिळवला.

चौथ्या दिवशी परतीच्या बसमध्ये, तळेगाव चौकात अडकलेलो असताना, पाय जरा मोकळे करावे म्हणून मी लेस सैल केल्या. आणि वास आला.

मी तो लगेच ओळखला. नवा वास नव्हता. कातडं, कूलंट, ओला कापूस, आणि खाली काहीतरी आंबट. अठरा वर्षांनी मी तो घेत होतो, आणि तो माझ्या पायांतून येत होता.

घामाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. कातडीवरचे जिवाणू घामातले आणि मेलेल्या कातडीतले घटक खातात आणि त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्लासारखी द्रव्यं तयार होतात. काही चीजांना जो दर्प असतो, त्यातही हेच आम्ल असतं, आणि ती चीजं लोक महाग किमतीला विकत घेतात. या जिवाणूंना ऊब लागते, ओल लागते आणि वेळ लागतो. त्यापुढे मालकाचे पाय असोत की मजुराचे, त्यांना फरक पडत नाही. हे सगळं मी बसमध्येच मोबाइलवर वाचलं. वाचताना जे कळत होतं ते सोपं होतं. वास पप्पांचा नव्हताच. तो बुटात अडकलेल्या दिवसाचा होता. आणि पाचवीतल्या मला वाटलं होतं, माझा बाप असा आहे.

*

त्या रात्री घरी आल्यावर मी बूट आत नेले नाहीत. दाराबाहेर, जिन्याच्या कोपऱ्यात, पप्पांच्या चपलेशेजारी ठेवले. मुद्दाम काही नाही, हात आपोआप तिकडे गेला.

जेवून बघतो तर पप्पा माझे बूट घेऊन हॉलमध्ये फरशीवर बसलेले. पुढ्यात कालचा पेपर. त्यांनी आधी लेस पार सैल केल्या, जीभ बाहेर ओढली, आतला सोल बोटाने उचकटून काढला आणि खिडकीत उभा करून ठेवला. मग पेपरचे बोळे करून बुटाच्या टोकापर्यंत कोंबले. हे सगळं माझ्याकडे न बघता. आपल्या मशीनवर काम करणारा माणूस जसा बघत नाही, तसं.

“राहू द्या ना पप्पा, मी करतो.”

“कराय येतं का?” ते म्हणाले. “आनि बाहेर ठिवू नको. बाहेर गारव्याला वाळत न्हाई. आत ठेव, फॅनखाली.”

थोड्या वेळाने म्हणाले, “ह्याला खरं म्हंजी दुसरा जोड लागतो. आज ह्यो, उद्या त्यो. मधी एक दिवस बूट पुरा वाळला पाहिजे. मग वास न्हाई, चिखल्या न्हाई. मोजं सुती घालायचं, आनि जेवायच्या सुट्टीत बदलायचं.”

मी विचारलं, “मग तुम्ही का नाही ठेवला दुसरा? दरवर्षी नवा मिळायचा ना? जुना होताच की.”

“जुना गावाला जायचा. तात्याला.” तात्या म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. “शेतात किरडू असतं. रातीचं पानी धरायला जायचं म्हंजी पायात काय तरी जाड पायजे. त्यो जोड तात्याला वरीसभर जायचा.”

दुसरा जोड होता, म्हणजे. तो दोनशे किलोमीटरच्या आत, विहिरीच्या मोटरीजवळ, दुसऱ्या एका माणसाच्या पायात होता. तात्यांना मी लहानपणी पाहिलंय ते बूट घालून. मोजे नाहीत, लेस नाही, नुसते सरकवलेले. मला तेव्हा ते विनोदी वाटायचे.

मी धीर करून विचारलं, “पप्पा, तुमची चप्पल बाहेर का असते हो?”

ते पेपरचा शेवटचा बोळा करत होते. म्हणाले, “सवय.”

*

२००२ मध्ये पप्पांच्या हातात महिन्याला पाच हजारांच्या आसपास यायचे. तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. आमच्या दाराशी पप्पांचे सेफ्टी शूज, आईची रबरी स्लीपर आणि माझे शाळेचे काळे बूट होते. पुढे त्यात पीटीचे पांढरे कॅनव्हास आले, त्यांना शनिवारी खडू फासायचा. क्लायमाकूल नावाची वस्तू जगात आहे हे आमच्या चाळीत कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. आज तो ‘रेट्रो’ म्हणून माझ्यासमोर येतो तेव्हा ती कुणाची तरी आठवण असते, ज्याला सोळाव्या वर्षी तो हवा होता किंवा मिळाला होता. मला त्या आठवणीचं काही देणंघेणं नव्हतं. मी फक्त भोकं बघत होतो. मला असा बूट हवा होता की ज्यातून, काही झालं तरी, वास येणारच नाही. एसीत बसणाऱ्या माणसाला एवढ्या हवेची गरज का पडावी, हे शीटमध्ये कुठल्याच रकान्यात मावत नव्हतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी मी पप्पांना गाडीवर मागे बसवून भोसरीला गेलो. एमआयडीसीच्या रस्त्यावर हेल्मेट, हातमोजे, गॉगल असलं सामान विकणारं एक दुकान आहे. पप्पांनी तिथे पाच जोड काढायला लावले. अंगठ्याने टोपी दाबून बघितली, सोल वाकवून बघितला, एक बूट नाकाजवळ नेऊन वास घेतला. “ह्यो न्हाई, ह्याचं कातडं प्लॅस्टिकवानी हाय.” शेवटी एक पसंत केला आणि मला अर्धा नंबर मोठा घ्यायला लावला. “दुपारनंतर पाय फुगतो.” अकराशे रुपये. २२ सप्टेंबरपासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवरचा जीएसटी ५ टक्के झालाय, त्यावरच्यांना मात्र १८. दुकानदार हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होता.

बाहेर चहाच्या टपरीवर मी पप्पांना मोबाइलवर क्लायमाकूल दाखवला. नावाने शोधलं की त्याच नावाचा, थ्रीडी प्रिंटरवर छापलेला, बिनलेसचा बूटही येतो. आधी तोच आला. पप्पा म्हणाले, “ही काय गाळनी हाय का रं?” मग मी खरा दाखवला. त्यांनी चष्मा वर करून, दोन बोटांनी मोठा करून बघितला. किंमत वाचली. काही बोलले नाहीत.

“पावसात?”

“पाणी जाणार आत.”

“मग घालनार कवा?”

“ऑफिसात.”

“ऑफिसात एसी हाय म्हनतोस ना?”

मी चहा पीत राहिलो.

“आवडलाय का?”

“हो.”

“मग घे की. कमवतोस तू.” त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि ग्लास टपरीवर ठेवला. “पन वासासाठी घिऊ नको.”

वासाबद्दल मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. ना मॉलचं सांगितलं होतं, ना प्राधिकरणातल्या सोफ्याचं. त्यांनी हे कधी ओळखलं, किती वर्षं त्यांना माहीत आहे, हे विचारायचं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण ते गाडीकडे निघाले होते.

तर निर्णय असा झाला. चाकणसाठी आता दोन जोड आहेत, एक दिवसाआड. पळण्यासाठी असलेल्या जुन्या जोडीला अडीच हजारांच्या आतला एक साधा जोड घेतलाय, तेही आळीपाळीने. दोन आठवड्यांत बोटांमधली कातडी सुधारली. बुटाला भोकं असण्यापेक्षा त्याला एक दिवस सुट्टी मिळणं महत्त्वाचं असतं, हे पप्पांनी अडतीस वर्षं ओल्या बुटात काढून शिकलेलं मला फुकट मिळालं. क्लायमाकूल कार्टमध्ये आहे. अजूनही आवडतो. पण आता तो नुसता आवडतो, आणि नुसत्या आवडीला दिवाळीपर्यंत, किंवा पुढच्या दिवाळीपर्यंत थांबता येतं.

एक गोष्ट मात्र रोज चालू आहे. त्या शनिवारी रात्री मी दाराबाहेरची पप्पांची चप्पल आत आणली आणि रॅकमध्ये माझ्या बुटांच्या वरच्या कप्प्यात ठेवली. सकाळी ते दूध आणायला गेले, आल्यावर चप्पल पुन्हा जिन्याच्या कोपऱ्यात. रात्री मी पुन्हा आत आणली. सकाळी पुन्हा बाहेर. दोघंही त्याबद्दल काही बोलत नाही. आई मात्र बघते आहे, काल म्हणाली, “काय चाललंय तुमचं दोघांचं?”

आज नववा दिवस. आत्ता रात्रीचे अकरा वाजलेत आणि चप्पल आत आहे.